फर्मान, न्यायासन आणि देवाचे द्वार

२३ नोव्हेंबर १९४९ रोजी हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी एक फर्मान प्रसिद्ध केले. दिल्लीच्या संविधानसभेत जी राज्यघटना तयार होत आहे तीच हैदराबाद संस्थानाची राज्यघटना राहील, असा त्याचा आशय होता. त्यानंतर तीनच दिवसांनी संविधानसभेने घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. पोलीस कारवाईला तेव्हा वर्ष उलटून गेले होते आणि कारभार लष्करी गव्हर्नरांच्या हाती होता. त्यामुळे हे फर्मान राजीखुशीने निघाले असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल कमी होत नाही. राजाच्या शब्दाला कोणताही कायदा अडवू शकत नाही, या तत्त्वावर जे राज्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते तत्त्व अखेर राजाच्याच शब्दाने संपुष्टात आले.

चिंताकी हे गाव त्या राज्यात होते. आज ते कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात, औराद तालुक्यात, होबळीचे ठिकाण म्हणून गणले जाते. एका अंगाला नांदेड-लातूरकडचा मराठी मुलूख, दुसऱ्या अंगाला तेलंगण. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या दप्तरात उर्दू, अशी या बाजूची रीत. आमचे बहुसंख्य वाचक सह्याद्रीच्या पलीकडले, गोमंतक, कारवार, मंगळूरकडचे. त्यांच्या पूर्वजांनी पोर्तुगीजांचा अंमल सोसला, इंग्रजांचा पाहिला. निजामी कारभाराशी त्यांचा संबंध आला नाही. म्हणून किनाऱ्यावरील देवस्थानांचे जे दोन खटले आम्हांस पुढे सांगावयाचे आहेत, त्यांकडे वळण्यापूर्वी इकडची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. तिच्यावाचून त्या खटल्यांतून काय मिळाले याची खरी किंमत कळणार नाही.

निजामाच्या राज्यात न्यायालये नव्हती असे नाही. उच्च न्यायालय होते, वकील होते, दिवाणी-फौजदारीचे छापील कायदे होते. इतकेच काय, १९२१ साली न्यायखाते महसूलखात्यापासून वेगळे करण्यात आले, आणि त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातील सुधारकांनाही ही गोष्ट अनुकरणीय वाटली होती. तालुकदाराने दिवसा सारा वसूल करावा आणि संध्याकाळी त्याच साऱ्याच्या तक्रारीचा न्याय करावा, ही रीत कागदोपत्री तरी तेथे आधी बंद झाली. हे श्रेय त्या राज्याला दिलेच पाहिजे. अडचण वेगळी होती. तालुकदार, नाझिम, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, या सर्वांच्या वर एक पुरुष बसलेला होता. आणि कायदा करणे, अंमल करणे व न्याय देणे हे तिन्ही अधिकार त्याच्या ठायी एकवटले होते. त्याच्या फर्मानाविरुद्ध दाद मागावयाची तर ती त्याच्याचकडे.

याचा परिणाम देवस्थानांना कसा भोगावा लागे, हे इकडच्या जुन्या माणसांना वेगळे सांगावे लागत नसे. धर्मविषयक कारभाराचे एक खाते होते, ‘उमूर-ए-मजहबी’. नवे देऊळ बांधणे तर सोडाच, जुन्याची डागडुजी करावयाची तरी परवानगी लागे. दसरा आणि मोहरम एकाच सुमारास आले की मिरवणुकीवर आणि वाद्यांवर निर्बंध येत. सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगीची सक्ती करणारी ‘गश्ती नंबर ५३’ तर संस्थानभर कुप्रसिद्ध होती. गश्ती म्हणजे खात्याचे परिपत्रक. ते कोणत्या कायद्याच्या आधारे काढले, हा प्रश्न विचारण्याची जागाच नव्हती. अर्ज करता येई, विनवणी करता येई, हैदराबादेत कोणी ओळखीचा असला तर शब्द टाकता येई. अनेक देवळांना इनामे होती, वर्षासने होती, आणि ती देणारे हातही त्याच दरबाराचे होते. पण दिलेले दान आणि असलेला हक्क यांत जे अंतर आहे, ते परवानगीची वाट पाहणाऱ्या पुजाऱ्याला जितके कळते तितके कोणाला कळत नाही.

१९३८-३९ साली आर्य समाजाने जो सत्याग्रह केला, त्याच्या मागण्यांत मंदिरे, हवनकुंडे, प्रवचने आणि मिरवणुका यांवरील परवान्याचे जोखड काढा, ही मागणी ठळकपणे होती. चिंताकीच्या शेजारच्या उदगीरचे भाई श्यामलाल हे त्या चळवळीतील मोठे कार्यकर्ते. १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. कोठडीत काय घडले, याची विचारणा करील असे स्वतंत्र न्यायासन त्या राज्यात नव्हते. सत्याग्रहानंतर १९३९ मध्ये काही सुधारणा जाहीर झाल्या. त्याही फर्मानानेच आल्या होत्या, आणि फर्मानानेच जाऊ शकल्या असत्या.

फर्मानाचा जाच केवळ हिंदूंना होता, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. पायगा घराण्यातील सरदार नवाब वलीउद्दौला यांच्या वारशाचा तंटा या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. पायग्यांच्या जहागिरी बीदर-गुलबर्ग्याकडेही पसरल्या होत्या, त्यामुळे हे नाव इकडे परके नाही. महबूब बेगम आणि कादिरन बेगम या दोघींचे म्हणणे असे की आपण नवाबांच्या विवाहित पत्नी आहोत. चौकशा झाल्या, आयोग बसले, आणि फर्मानामागून फर्माने निघाली. एकाने दावा फेटाळला, दुसऱ्याने तो निर्णय मागे घेतला, तिसऱ्याने दुसऱ्याला रद्द केले. दोन स्त्रिया विवाहिता होत्या की नव्हत्या, हे पुराव्याने ठरण्याऐवजी दरबाराच्या मर्जीनुसार बदलत गेले. पुढे १९५० साली, राज्यघटना अमलात आल्यावर, हैदराबादेत खास या एका घराण्यापुरता कायदा करण्यात आला आणि या दोघींचे दावे फेटाळल्याचे त्यात जाहीर करण्यात आले. जुन्या राज्यात गोष्ट तेथेच संपली असती. आता मात्र ती सर्वोच्च न्यायालयात गेली. सर्व नागरिकांसाठी वारशाचा एक कायदा असताना दोन व्यक्तींना वेचून न्यायालयाचे दार त्यांच्यापुरते बंद करणे हे समानतेच्या चौदाव्या कलमाशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने तो कायदा रद्द केला. ही १९५२-५३ ची गोष्ट. त्याच तंट्याच्या पुढील टप्प्यात, १९५५ च्या कायदे-अहवालांत, निजामाच्या जुन्या फर्मानांना त्यांच्या काळापुरते कायद्याचेच बळ होते, हेही न्यायालयाने मान्य केले. एकाच घराण्याच्या एकाच भांडणात दोन्ही युगे समोरासमोर उभी राहिली. कालपर्यंत जे फर्मानाने साधत असे, ते आज विधिमंडळाच्या ठरावानेही साधेना.

येथे घटनेची रचना दोन शब्दांत सांगितली पाहिजे. मूलभूत हक्कांशी विसंगत असा कोणताही कायदा त्या विसंगतीपुरता शून्य होय, असे तेरावे कलम सांगते. बत्तिसाव्या कलमाने नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात आणि दोनशे सव्विसाव्या कलमाने उच्च न्यायालयात रिट-अर्ज करता येतो. अधिकाऱ्याने कोणत्या अधिकाराने हे केले, असा जाब या अर्जाने विचारता येतो आणि अधिकाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. डॉ. आंबेडकरांनी बत्तिसाव्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले, ते उगाच नव्हे. हक्कांची यादी कोणत्याही राज्याला करता येते. मागितल्यावर हक्क मिळवून देणारी जागा कोठे आहे, यावर त्या यादीची किंमत ठरते.

या व्यवस्थेची पहिली कसोटी आमच्या मुलखापुरती कोणत्या माणसाने घ्यावी? कासीम रझवीने! रझाकारांचा हा पुढारी लातुरास वकिली करीत होता. १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोर्टा गावी जो संहार झाला, त्याची आठवण या भागात अद्याप ताजी आहे. त्या वर्षी सीमेवरच्या गावांतून किती कुटुंबे घरदार टाकून निघाली, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. पोलीस कारवाईनंतर रझवीवर बीबीनगर प्रकरणी खास न्यायाधिकरणापुढे खटला चालला आणि त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याने सर्वोच्च न्यायालयात जाऊन सांगितले की, ही खास न्यायाधिकरणे लष्करी गव्हर्नराच्या आदेशाने स्थापन झाली, त्यांची कार्यपद्धती साध्या न्यायालयांहून निराळी आहे, आणि घटना आल्यावरही तिच्याखाली मला चालविणे म्हणजे समानतेचा भंग होय. १९५३ साली पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हे म्हणणे अमान्य करून शिक्षा कायम ठेवली. दोघांनी ते मान्य केले: गुलाम हसन आणि पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले व्हिव्हियन बोस.

आम्हांस या निकालातील बहुमतापेक्षा तो अल्पमताचा भाग अधिक अभ्यासनीय वाटतो. ज्याच्या नावाने लेकरे रडायची थांबत, त्या माणसाच्या बाजूने न्यायालयाच्या दोन सदस्यांनी मत दिले, आणि त्यांच्या निष्ठेविषयी वा धैर्याविषयी शंका घेण्याचे कोणाला कारण नव्हते. इकडे पुष्कळांना त्या वेळी हे रुचले नसेल. पण ज्या राज्यात श्यामलालांच्या मृत्यूची विचारणा होऊ शकली नाही त्या राज्याच्या जागी दुसरे राज्य आले, याचा पुरावा दुसऱ्या कोणत्या प्रकारे मिळणार होता? मित्रांपुरत्याच चालणाऱ्या मर्यादेला मर्यादा म्हणत नाहीत.

आता किनाऱ्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद संस्थानातील बीदर आणि मद्रास राज्यातील दक्षिण कानडा, दोन्ही एकाच दिवशी म्हैसूर राज्यात आले. बीदरचे उदगीर, अहमदपूर, निलंगे तिकडे मुंबई राज्यात गेले. औराद आणि त्यासह चिंताकी इकडे राहिली. अशा रीतीने चिंताकी आणि मुल्की ही दोन गावे, एकमेकांचे नावही न ऐकलेली, एका राज्यात आणि एका उच्च न्यायालयाच्या छत्राखाली आली.

त्यापूर्वीच उडुपीच्या शिरूर मठाचा खटला गाजला होता. श्रीमन्मध्वाचार्यांनी स्थापिलेल्या अष्टमठांपैकी हा एक. श्रीकृष्णाच्या पूजेचा पर्याय दर दोन वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि पर्यायाच्या काळात येईल त्याला अन्न द्यावयाचे तर मठाला मोठा खर्च येतो. १९३१ च्या आणि पुढे युद्धोत्तर महागाईतील पर्यायाने मठाला कर्ज झाले. मद्रास सरकारच्या धर्मादाय मंडळाने कर्जाकडे बोट दाखवून व्यवस्थापक नेमण्याचा आग्रह धरला, आणि पुढे मठाच्या कारभाराची योजनाच आखण्याची नोटीस दिली. मठाधिपती श्री लक्ष्मींद्र तीर्थ स्वामी मद्रास उच्च न्यायालयात गेले. १६ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या वतीने बिजनकुमार मुखर्जी यांनी निकाल दिला.

हा निकाल आमच्या वाचकांपैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. त्याचे मर्म मात्र क्वचितच नीट सांगितले जाते. मठाधिपती हा पगारी व्यवस्थापक नव्हे. त्याच्या ठायी पद आणि मालकी ही दोन्ही मिसळलेली आहेत, हे न्यायालयाने मानले. आयुक्ताने वा त्याच्या हाताखालच्या माणसाने वाटेल तेव्हा देवस्थानात, अगदी गर्भागारातही, शिरावे, ही तरतूद त्याने रद्द केली. सरकारने आपला व्यवस्थापक मठावर लादावा, हीही केली. उत्पन्नावर शेकडा पाचापर्यंतची जी वर्गणी सरकार घेई ती सेवेचे शुल्क नसून कर आहे, आणि असा कर बसविण्याचा अधिकार प्रांतिक विधिमंडळाला नाही, असे ठरविले. धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्याच सिद्धान्तांवरून पाहिले पाहिजे, हे या निकालाचे सर्वांत महत्त्वाचे वचन. पण कायदा सगळा बुडाला नाही. मालमत्तेचा कारभार, हिशेब, तपासणी या ऐहिक बाबी कायद्याने नियंत्रित करता येतात, हेही त्याच निकालपत्रात आहे. जे विश्वस्त शिरूर मठाचे नाव घेऊन हिशेबाची वही मागणाऱ्याला दार दाखवितात, त्यांनी निकाल अर्धाच वाचलेला असतो.

दुसरा खटला मुल्कीचा. तेथील श्री वेंकटरमण देवस्थान गौड सारस्वत ब्राह्मणांचे. १९४७ च्या मद्रास मंदिर-प्रवेश कायद्याने हरिजनांसह सर्व हिंदूंना सार्वजनिक देवळांची दारे उघडली, तेव्हा देवस्थानच्या मोक्तेसरांनी आमचे देऊळ ज्ञातीचे आहे, त्याला हा कायदा लागू नाही, अशी भूमिका घेऊन १९४९ मध्ये दावा लावला. घटना आल्यावर त्यांना सव्विसाव्या कलमाचा आधार मिळाला: धर्माच्या बाबतीत आपली व्यवस्था आपण पाहण्याचा प्रत्येक संप्रदायाचा हक्क. ८ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी निकाल सांगितला. ज्ञातीची परंपरा त्यांनी आस्थेने नोंदविली. हे देऊळ संप्रदायाचे आहे, हे मान्य केले. देवळात कोणी यावे आणि कोणी नाही, ही धर्माचीच बाब आहे, हेही मान्य केले. इथवर मोक्तेसर जिंकत आले होते. परंतु पंचविसाव्या कलमात हिंदूंची सार्वजनिक धर्मस्थाने सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे, आणि सव्विसावे कलम त्याच्या अधीन वाचले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. दार उघडले. ज्ञातीच्या म्हणून ज्या विशिष्ट सेवा आहेत तेवढ्या वेळी इतरांस बाहेर ठेवता येईल, पण ती सूट इतकी मोठी असू नये की इतरांचा दर्शनाचा हक्क नावालाच उरावा, अशी मर्यादा कायम झाली.

किनाऱ्यावरील ज्ञातिबांधवांना हा निकाल त्या काळी बोचला, हे उघड आहे. शिरूर मठाच्या निकालाने सरकारला उंबऱ्यावर थांबविले. मुल्कीच्या निकालाने त्याच उंबऱ्यावर आपणांस बाजूला सरावयास सांगितले. काहींना यात विसंगती दिसते, आम्हांस दिसत नाही. आयुक्ताने आपल्या अधिकाराचा आधार दाखवावा, असे ज्या न्यायासनाला आपण सांगतो, तेच न्यायासन उंबऱ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसाचेही ऐकणार. निजामी परवान्याची वाट पाहत बसलेला आमचा पुजारी आणि मुल्कीच्या दारी थांबलेला तो भाविक यांची तक्रार मुळात एकच होती: मला कोण आणि कोणत्या अधिकाराने अडवितो?

आमची खरी चिंता निराळी आहे. १९५४ साली न्यायालय म्हणाले की धर्माचा आवश्यक भाग कोणता ते धर्मालाच विचारा. १९६१ पासून वारे फिरले. सातारचे, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी अजमेरच्या दर्ग्याच्या, नाथद्वाराच्या आणि १९६६ मध्ये स्वामिनारायण संप्रदायाच्या प्रकरणांत, खरा धर्म कोणता आणि अंधश्रद्धेने चिकटलेले काय, हे न्यायालयाने पारखावे अशी दिशा दिली. त्यांची विद्वत्ता निर्विवाद, आणि स्वामिनारायण मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळाला हे आम्हांस सर्वस्वी इष्ट वाटते. परंतु प्रवेशाच्या प्रश्नाला पंचविसावे कलम पुरेसे होते. त्यासाठी न्यायमूर्तींनी शास्त्र्यांच्या आसनावर बसण्याची गरज नव्हती. आज एक पंडित न्यायमूर्ती तेथे बसेल, उद्या कोण बसेल हे कोणी सांगावे? २०१८ च्या शबरीमला निकालानंतर हेच प्रश्न २०१९ साली मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले, यावरून ते न्यायालयालाही सुटलेले वाटत नव्हते, हे दिसते.

मठांच्या संदर्भात आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे श्री केशवानंद भारती स्वामी १९७० साली केरळच्या जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेरा न्यायमूर्ती बसले आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा मताने ठरले की संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. ज्या दुरुस्तीने केरळच्या कायद्याला संरक्षण मिळाले होते, ती मात्र वैध ठरली. मठाच्या जमिनीच्या दृष्टीने स्वामींच्या पदरी फारसे काही पडले नाही. देशाच्या सर्वोच्च सत्तेला कुंपण मात्र त्यांच्या अर्जाने पडले. २०२० मध्ये स्वामी कैलासवासी झाले.

इकडे चिंताकीच्या बाजूला काळ इतक्या झपाट्याने चालला नाही. म्हैसूर राज्यात आलेल्या पाच मुलखांनी आपापले देवस्थान-कायदे बरोबर आणले, आणि बीदर-गुलबर्ग्याकडच्या देवळांना हैदराबादचे १३४९ फसलीचे, म्हणजे १९३९-४० चे, धर्मादाय नियमच लागू राहिले. फर्मानाचे राज्य गेले, राजा गेला, राज्याचे नावही गेले. त्याचे नियम मात्र अर्धशतकाहून अधिक काळ देवाच्या हिशेबावर पहारा देत राहिले. १९९७ साली कर्नाटकाने सर्व मुलखांसाठी एकच कायदा केला आणि २००३ मध्ये तो अमलात आणला. २००६ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो घटनेशी विसंगत म्हणून रद्द ठरविला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि २०११ मध्ये विधिमंडळाने दुरुस्त्या केल्या. ती तक्रार लहान-मोठ्या देवळांची आहे, आणि तिच्यात पुढे-मागे पुष्कळ पाणी वाहिले आहे.

पूर्वी औराद तालुक्यातील माणसाला रिट-अर्जासाठी बंगळूर गाठावे लागे. सहाशेहून अधिक किलोमीटरांची ती वाट पुष्कळांनी अर्ध्यावरच सोडली असेल. २००८ मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे आताच्या कलबुर्गीस, उच्च न्यायालयाचे फिरते पीठ बसले आणि २०१३ मध्ये ते कायमचे झाले. अंतर कमी झाले, अर्जाची भाषा मात्र इंग्रजीच. त्याला जोडावयाची जुनी सनद उर्दूत, देवस्थानची वही मराठीत आणि ज्या आदेशाविरुद्ध तक्रार तो कन्नडात. त्यामुळे वकिलाच्या आधी भाषांतरकार गाठावा लागतो, आणि जुने शिकस्ता उर्दू अक्षर लावणारी माणसे आता बीदर शहरातही बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.